एकाच पायाला सूज आली तर : आरोग्याचा एक पाठ



या अंकाच्या आरोग्यपाठासाठी मी पायाची सूज हा विषय घेतला आहे. विषय साधा वाटेल. चालून चालून पाय सुजतात, वय झाले की सुजतात, गरोदरपणात सुजतात, आणि बहुतेक वेळा रात्री उशी खाली घेऊन झोपले की सकाळी सूज उतरते. पण पायाची एक सूज अशी आहे की तिच्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याने येणारी ही सूज. डॉक्टर तिला ‘डीव्हीटी’ म्हणतात.

नंदुरबारच्या डोंगरपाड्यांवर फिरताना मला ही सूज भेटली आहे, तशीच शहरातील मंडळीच्या सभासदांच्या घरीही भेटली आहे. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आजी, प्लास्टर घातलेला तरुण, नुकतीच बाळंत झालेली सून हे सगळे या पाठात येतात. म्हणून हा पाठ फक्त पाड्यावरच्या लोकांसाठी आहे असे समजू नका. आधी स्वतःच्या घरासाठी वाचा, मग महिला मंडळात आणि तरुण संघात वाचून दाखवा.

रक्त पायातून वर कसे चढते?

हृदय रक्त खाली ढकलते, हे आपण शाळेत शिकलो. पण पायाच्या बोटांपर्यंत गेलेले रक्त परत वर कसे येते? विहिरीतले पाणी आपोआप वर येत नाही, त्याला पंप लागतो. पायातला पंप म्हणजे पोटरीचा स्नायू. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते आणि तिच्या आत खोलवर असलेल्या शिरा दाबल्या जातात. त्यातले रक्त वर सरकते. शिरांच्या आत लहान लहान झडपा असतात. त्या फक्त वरच्या दिशेने उघडतात, म्हणून वर गेलेले रक्त पुन्हा खाली येत नाही. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच.

कातडीखाली ज्या निळसर शिरा दिसतात त्या वरवरच्या. खरा मोठा प्रवाह स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांतून वाहतो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांत गुठळी अडकली की रक्ताची वाट तुंबते, आणि पाटात माती पडल्यावर मागे पाणी साचावे तसा पाय फुगतो.

पण सूज हा खरा धोका नव्हे. गुठळीचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर मांडीतून, पोटातून हृदयाच्या उजव्या बाजूला जातो आणि तिथून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. फुप्फुसात सापडणाऱ्या गुठळ्या पायाच्या शिरांतून आलेल्या असतात हे १९व्या शतकात जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी दाखवून दिले. त्यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१चा. म्हणूनच २०१४ पासून १३ ऑक्टोबर हा दिवस जगभर रक्ताच्या गुठळीविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

गुठळी का होते?

जखम झाली की रक्त गोठते. ही देवाने शरीराला दिलेली मोठी सोय आहे, नाहीतर कोयत्याच्या एका घावाने माणूस गेला असता. पण नको तिथे, धडधाकट शिरेच्या आत रक्त गोठले तर तीच सोय घातक होते. याची कारणे तीन, आणि ती फिर्खो यांच्याच नावाने ओळखली जातात.

पहिले, रक्ताचा वेग मंदावणे. माणूस अंथरुणाला खिळला, पाय प्लास्टरमध्ये अडकला, तासन् तास एका जागी बसून प्रवास झाला, की पोटरीचा पंप बंद पडतो.

दुसरे, शिरेला इजा होणे. हाड मोडणे, अपघात, ओटीपोटाचे, खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन.

तिसरे, रक्तच लवकर गोठण्याच्या स्थितीत असणे. गरोदरपण, बाळंतपण, कर्करोग, शरीरातील पाणी कमी होणे, काही आनुवंशिक दोष, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या.

यांतील दोन-तीन कारणे एकत्र आली की धोका वाढत जातो. बाळंतिणीचेच पाहा. बाळंतपणात रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गतःच तिचे रक्त लवकर गोठू लागलेले असते. त्यात सिझेरियन झाले, ती अंथरुणावर पडून राहिली, पाणी कमी प्यायली, तर तिन्ही कारणे एकाच बाईच्या ठायी जमतात. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे म्हणूनच विशेष जपण्याचे. गरोदरपणात ही गुठळी बहुधा डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी आडवी जाते आणि ती शीर दाबली जाते.

गोळ्यांविषयी गैरसमज नको. गर्भनिरोधक गोळीपेक्षा गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका जास्त असतो. तेव्हा घाबरून गोळ्या टाकून देऊ नयेत. मात्र स्वतःला किंवा घरात कोणाला पूर्वी गुठळी झाली असेल तर ते नर्सताईला आधी सांगावे.

सिकलसेलच्या घरांनी विशेष लक्ष द्यावे

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातील अनेक आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यामुळे गावोगाव तपासणी होत आहे. पण एक गोष्ट अजून घरांपर्यंत पोहोचलेली नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोकाही इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

अडचण अशी की अशा रुग्णाचे हातपाय वारंवार दुखतातच. घरचे म्हणतात, ‘हे नेहमीचे सिकलचे दुखणे आहे, दोन दिवसांत थांबेल.’ म्हणून लक्षात ठेवा, सिकलच्या रुग्णाचा एकच पाय दुखू लागला आणि तो सुजलाही, तर ते नेहमीचे दुखणे समजू नका. त्याच्या छातीत दुखू लागले किंवा दम लागला तर क्षणभरही थांबू नका. कारण गुठळी असो वा सिकलचाच छातीचा विकार असो, दोन्ही जीवघेणे आहेत.

लक्षणे कशी ओळखावी?

बहुधा एकच पाय सुजतो. पोटरी किंवा मांडी दुखते, वांब आल्यासारखी ओढ लागते, उभे राहिल्यावर दुखणे वाढते. हात लावला तर तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. कातडी ताणलेली, लालसर किंवा निळसर दिसते. सावळ्या कातडीवर रंगातील हा फरक चटकन कळत नाही, म्हणून स्पर्श आणि माप यांवर अधिक भर द्यावा.

माप घेण्याची युक्ती सोपी आहे. शिंप्याकडची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर संशय बळावतो. डॉक्टरही हेच माप विचारात घेतात. पण फरक कमी निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. काही गुठळ्या अजिबात सूज न दाखवता वाढतात.

तुकडा फुप्फुसात गेल्याची लक्षणे वेगळी. अचानक दम लागणे, खोल श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, छातीत जोरजोरात धडधडणे, चक्कर येऊन पडणे. यांतील एकही दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करा.

प्रत्येक सूज गुठळीची नसते

हेही समजून घ्यावे, नाहीतर आपण लोकांना विनाकारण घाबरवू.

दोन्ही पायांना सूज आणि आडवे झोपल्यावर दम लागत असेल तर हृदयाचा विचार होतो. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर सूज दिसत असेल तर मूत्रपिंडाचा. पोट फुगले आणि पाय सुजले, त्यात दारूचे व्यसन असेल, तर यकृताचा. फार रक्त कमी असणे आणि कुपोषण यांतही दोन्ही पावलांना सूज येते. गरोदर बाईचे पाय थोडे सुजणे नेहमीचे, पण चेहरा आणि हातही सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. तेही तातडीचेच.

एकाच पायाची सूज इतर कारणांनीही येते. गडचिरोली, चंद्रपूर या भागांत हत्तीरोग आहे. डासांमुळे पसरणाऱ्या या रोगात सूज हळूहळू वर्षानुवर्षे वाढते, कातडी जाड आणि खरबरीत होते, मधूनमधून ताप येतो. त्याच्या तपासणीसाठी रात्री रक्त घेतात, कारण त्याचे जंतू रात्री रक्तात फिरतात. पायाच्या जखमेतून जंतुसंसर्ग झाला तर ताप येतो आणि लाली पसरत जाते. पावसाळ्यात शेतातून येताना काही चावले आणि पाय भराभर सुजू लागला तर सर्पदंश समजून तडक रुग्णालय गाठावे.

आपण डॉक्टर नाही, निदान करणे आपले काम नाही. आपण एवढेच लक्षात ठेवायचे : एक पाय, काही तासांत किंवा काही दिवसांत आलेली सूज, आणि सोबत दुखणे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

एका बाळंतिणीची हकिकत

धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर एक तरुण मुलगी पहिल्या खेपेला सिझेरियन होऊन घरी आली. बाराव्या दिवशी तिची डावी मांडी आणि पोटरी सुजली. सासूबाई मायेच्या. त्यांनी गरम तेलाने पाय चोळायला घेतला. ‘बाळंतिणीच्या पायात वात उतरला आहे, चोळले की मोकळा होईल,’ असे त्या म्हणाल्या. बाळंतिणीला तेल लावणे ही आपल्याकडची जुनी प्रेमाची रीत आहे, त्यांना दोष देता येणार नाही.

बाळाचे वजन करायला आलेल्या आशाताईंनी दोन पायांतला फरक पाहिला आणि चोळणे थांबवायला सांगितले. मी त्या दिवशी त्याच पाड्यावर होतो. घरात तासभर चर्चा चालली. नवरा ऊसतोडीसाठी गुजरातेत, घरात पैसा नाही, बाळाला कोण सांभाळणार, पुन्हा कापाकापी करतील का? सासूबाईंनी मला विचारले, “भाऊ, पायाच्या सुजेने कोणी मरते का?” मी म्हणालो, “मावशी, या सुजेने मरते. म्हणूनच आज जायचे.” शेवटी त्याच उठल्या आणि बाळाला घेऊन गाडीत बसल्या.

जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी दिसली. कापाकापी झाली नाही. पोटाच्या कातडीत इंजेक्शने दिली, नंतर गोळ्या सुरू झाल्या, आणि बाळाला अंगावर पाजणेही चालू राहिले. सहा महिन्यांनी ती बाळ पाठीला बांधून बाजाराला आली होती. आता त्या सासूबाईच पाड्यावरच्या इतर बायांना सांगतात, “दोन्ही पाय दुखले तर तेल लाव, एकच सुजला तर दवाखान्यात ने.”

सगळ्याच हकिकती अशा संपत नाहीत. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक तरुण महिनाभर खाटेवर पडून होता. एका सकाळी उठताना त्याला दम लागला आणि वाहन येण्याआधीच तो गेला. शवविच्छेदन झाले नाही, म्हणून कारण नक्की सांगता येत नाही. पण पोटरी ठणकते असे तो चार दिवस सांगत होता, असे त्याच्या आईने मला सांगितले.

काय करू नये

१. सुजलेला पाय चोळू नये, दाबू नये, तुडवू नये. गुठळीचा तुकडा सुटू शकतो.
२. दोरी, फडके किंवा क्रेप पट्टी घट्ट आवळून बांधू नये.
३. गरम विटेचा शेक किंवा डाग देऊ नये, कातडीला चिरा देऊन रक्त काढू नये.
४. दुखणे थांबवण्यासाठी कोणाकडूनही इंजेक्शन टोचून घेऊन दिवस घालवू नये.
५. दम लागलेल्या रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. त्याला टेकून बसवावे आणि १०८ची गाडी बोलवावी. गाडी पोहोचणार नसेल तर मिळेल त्या चारचाकीने न्यावे.

भगताशी भांडू नका. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. एकाच पायाची सूज पाहिली की ‘आधी दवाखान्यात जा’ एवढे त्यांनी सांगितले तरी जीव वाचतात. मी तीन-चार भगतांशी असे बोललो आहे आणि त्यांनी ऐकले आहे.

तपासणी आणि उपचार

मुख्य तपासणी म्हणजे डॉपलर सोनोग्राफी. तिच्यात टोचावे लागत नाही, दुखत नाही, आणि शिरेतून रक्त वाहते की नाही ते पडद्यावर दिसते. कधी डी-डायमर नावाची रक्ततपासणीही करतात.

उपचाराची सुरुवात बहुधा हेपारिनच्या इंजेक्शनाने होते. हे औषध १९१६ मध्ये अमेरिकेत एका वैद्यकीय विद्यार्थ्याला यकृताचा अभ्यास करताना सापडले. गरोदर बाईला हेच देतात, कारण ते वारेतून बाळापर्यंत जात नाही.

गोळ्यांमध्ये जुनी आणि स्वस्त गोळी वॉरफेरिन. तिची कथा गुराढोरांची आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत लसूणघासाच्या कुळातला बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी मेलेले वासरू आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची किटली घेऊन बर्फातून विद्यापीठात पोहोचला. तिथे कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे शोध घेऊन त्या चाऱ्यातील द्रव्य वेगळे काढले. त्यावरून बनलेले वॉरफेरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचे औषध म्हणून विकले गेले आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले. ज्या द्रव्याने गुरे मेली, त्यानेच आज असंख्य माणसे वाचतात.

ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत. ती गुठळी वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत, आणि मधल्या काळात शरीर स्वतःच जुनी गुठळी हळूहळू विरघळवते. म्हणून उपचार निदान तीन महिने चालतो, काहींना अधिक काळ लागतो. आमचे रुग्ण इथेच चुकतात. सूज उतरली की गोळ्या बंद करतात. सूज उतरणे म्हणजे बरे होणे नव्हे.

वॉरफेरिन घेणाऱ्याने आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. ती बहुधा २ ते ३ च्या दरम्यान असावी लागते. कमी असेल तर गुठळीचा धोका, जास्त असेल तर रक्तस्रावाचा. पालेभाजी सोडायची नाही, पण एक आठवडा रोज आणि दुसरा आठवडा अजिबात नाही असेही करायचे नाही, प्रमाण सारखे ठेवावे. दारू, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि जडीबुटी यांनी घात होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लाल लघवी किंवा डोक्याला मार यांपैकी काही झाले तर लगेच दवाखाना. आणि वॉरफेरिन चालू असताना दिवस गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, कारण ती गोळी गर्भाला अपाय करते. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान यांसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण त्या सर्वांना चालतात असे नाही. निर्णय डॉक्टरांचा.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा, काय बसते ते विचारा.

गुठळी होऊच नये म्हणून

ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर उठून चालावे. अंथरुणातच असाल तर दर तासाला पावले वरखाली वीस वेळा हलवा. पाणी पुरेसे प्या. प्लास्टर असेल तर बोटे हलवत राहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालाप्रमाणे चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका सुमारे दुप्पट होतो. मुळातला धोका मात्र लहान आहे, निरोगी माणसांत सुमारे ६००० मध्ये एक. म्हणून प्रवासाला भिऊ नका. गाडी थांबली की उतरून चाला, बसल्या जागी टाचा उचला. ऊसतोडीला ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून जाणाऱ्या कुटुंबांत एखादी गरोदर किंवा ओली बाळंतीण असेल तर तिला पाय पसरायला जागा द्या.

वचनातून

लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात अंगावर सूज असलेला एक मनुष्य प्रभूसमोर येतो. त्याला जलोदर झाला होता. त्याचा रोग आपल्या विषयापेक्षा वेगळा, पण प्रसंगातील प्रश्न आपलाच आहे. तो दिवस शब्बाथाचा होता आणि सभोवतीचे लोक उद्यापर्यंत थांबण्याच्या मताचे होते. प्रभूने त्याला त्याच दिवशी बरे केले, आणि विहिरीत पडलेल्या बैलाला काढायला कोणी दुसऱ्या दिवसाची वाट पाहतो काय, असे त्यांना विचारले. कोणी उत्तर देऊ शकले नाही.

आपल्या घरात ‘रविवार होऊ दे’, ‘बाजारचा दिवस जाऊ दे’, ‘मुलगा येऊ दे’ असे म्हणत किती आजार थांबून राहतात! प्रार्थना करावीच, पण गाडीत बसून करावी.

चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत सध्या अंथरुणाला खिळलेले, प्लास्टरमध्ये असलेले किंवा नुकतीच बाळंत झालेले कोण आहेत? भेटीला जाताना त्यांचे दोन्ही पाय आपण पाहतो का?
२. एकाच पायाची सूज आणि दोन्ही पायांची सूज यांतील फरक घरातील वडीलधाऱ्यांना कसा समजावून सांगाल?
३. आपल्यापासून डॉपलर सोनोग्राफी होणारे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते? चौकशी करून पत्ता व फोन क्रमांक मंडळीच्या फलकावर लावा.
४. गोळ्या अर्धवट सोडणाऱ्या रुग्णाला सोबत करण्यासाठी तरुण संघातून दोघे जण ठरवता येतील का?